बघायची कढई

तुबोद गावच्या प्रोसेसा, म्हणजे सेसा कागाम्पांगची देवाबद्दल एकच तक्रार होती. तो ऐकतो, पण अर्धवट ऐकतो.

चर्चच्या छपरासाठी सान रोकेच्या जत्रेत सोडत काढली, तेव्हा तिने पाच तिकिटं घेतली, पाचही तिकिटांवर पाद्रीबाबांकडून पवित्र पाणी शिंपडून घेतलं आणि पहिल्या बक्षिसाचं डुक्कर डोळ्यांपुढे ठेवून तीन दिवस प्रार्थना केली. डुक्कर लागलं शाळेच्या शिपायाला. दुसरं बक्षीस भाताचा कुकर. तो पाद्रीबाबांच्या सख्ख्या बहिणीला लागला. त्यावर गावात कोणीही मोठ्याने बोललं नाही. तिसरं बक्षीस सेसाला लागलं: बोहोल बेटाची एक दिवसाची सहल, जेवणासकट, एका माणसासाठी.

सेसा एकसष्ट वर्षांची होती आणि एकसष्टही वर्षं बोहोल बेटावरच राहिलेली होती.

"म्हणजे मी राहते तेच मला दाखवणार?" तिने स्टेजवरच विचारलं.

"पण एसी गाडीतून, नांग!" माइकवरचा माणूस म्हणाला आणि लोक हसले. नांग म्हणजे ताई. गावात लहानथोर सगळे तिला नांग सेसाच म्हणत.

बक्षीस दिलं होतं गोल्डन मामाग टूर्सच्या मॅडम लुझमिंदाने. आणि मॅडम लुझमिंदा म्हणजे सेसाची मालकीण. हे प्रकरण नीट कळायला तीन वर्षं मागे जावं लागेल.

सेसाच्या घरात कालामाय करायची रीत आजीच्या आजीपासूनची. चिकट तांदळाचं पीठ, नारळाचं दाट दूध आणि काळसर साखर मोठ्या कढईत घालायची आणि लाकडी उलथण्याने ढवळत बसायचं. बसायचं म्हणजे तासभर नाही, सात तास. हात थांबला की तळाला लागलं, तळाला लागलं की सगळं वाया. सात तासांनी कढईतला गोळा डांबरासारखा काळा आणि चिवट होतो, उलथण्याला धरून कढईच उचलली जाते, तेव्हा तो घासूनपुसून चकचकीत केलेल्या करवंटीत भरायचा, वर दुसरी करवंटी बसवायची आणि सांध्याला लाल कागदाची पट्टी चिकटवायची. सेसाची करवंटी तीन आठवडे टिके. शनिवारी ती पंचवीस करवंट्या करी, रविवारी प्रार्थनेनंतर त्या संपत, आणि उरलेला आठवडा ती लोकांच्या कालामायला नावं ठेवण्यात घालवी.

नावं ठेवणं हा तिचा खरा धंदा होता, असं तिचा नवरा तासियो म्हणायचा. नऊ वर्षांपूर्वी तो होडीच्या इंजिनाचा एक सुटा भाग आणायला समुद्रापलीकडे कागायान दे ओरोला गेला. तिथे सिमेंटच्या दुकानाची मालकीण विधवा होती आणि तिच्याकडेही एक सुटा भाग कमी होता. तासियो तिथे फिट बसला. सेसाने महिनाभर वाट पाहिली, मग होडी विकून नवीन कढई घेतली.

तासियोची बहीण बिबिंग गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. तिचं म्हणणं, "हिने कढईसारखं माझ्या भावाचं डोकंही रोज ढवळलं, म्हणून तो गेला." सेसाचं म्हणणं, "रक्तातच खोट, त्याला मी काय करू?" नऊ वर्षं दोघी चर्चमध्ये एकाच बाकावर, दोन टोकांना बसत. मध्ये बसणाऱ्याला सर्दी व्हायची, असं गावकरी म्हणत.

तर तीन वर्षांपूर्वी मॅडम लुझमिंदा सेसाच्या परसात आली. आधी ती विमा विकायची. मरणाच्या धंद्यात नफा कमी म्हणून सहलीच्या धंद्यात शिरली होती. तिने बोटभर कालामाय तोंडात घातली, डोळे मिटले आणि म्हणाली, "नांग, हा गोड पदार्थ नाही. ही एक कहाणी आहे."

सेसाला तेव्हाच संशय यायला हवा होता.

महिन्याभरात मोठ्या रस्त्याला लागून, तुबोदपासून तीन किलोमीटरवर, बांबूचं आणि ताडपानांचं एक घर उभं राहिलं. त्यावर पाटी: 'लोला सेसाचं घर'. लोला म्हणजे आजी. त्या घरात सेसा एक रात्रही झोपलेली नव्हती. घराला मागची भिंतच नव्हती, तिथे संडास आणि गाड्यांची जागा होती. रोज एक-दोन गाड्या यायच्या, बारा मिनिटं थांबायच्या. सेसाने चुलीपाशी बसून ढवळायचं, पाहुण्यांनी फोटो काढायचे आणि शेजारच्या मांडवातून करवंट्या विकत घ्यायच्या. अडचण एकच होती. सात तासांचा पदार्थ बारा मिनिटांत कसा दाखवणार?

"तो व्हायलाच कशाला हवा?" मॅडम म्हणाली. "होत असलेला दिसला म्हणजे झालं."

मग ती कढई कधी पूर्ण झालीच नाही. स्वस्त पीठ, रंग आणि पाणी. संध्याकाळी झाकण घालायचं, सकाळी पुन्हा पाणी ओतून पेटवायचं. पंधरवड्याने वास यायला लागला की फेकून द्यायचं. मांडवातल्या करवंट्या शहरातल्या एका कारखान्यातून यायच्या. आत मऊ, गुळगुळीत, गोडमिट्ट काहीतरी असायचं. सेसाने ते एकदा चाखलं आणि म्हणाली, "हे मांजराच्या खोकल्यावरचं औषध आहे." पण रोजचा पगार चांगला होता, छप्पर दुरुस्त झालं, आणि सदसद्विवेकाला तिने एका वाक्यात गप्प केलं, "मी कुणाला खायला कुठे देते? ढवळते फक्त."

मॅडमची एकच तक्रार असायची. "नांग, जरा रडता आलं तर बघा ना."

"धुराने पाणी येतं डोळ्यांत, तेवढं घ्या."

जत्रेच्या आठवडाभर आधी सेसाचा उजवा खांदा जाम झाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने पंधरा दिवस ढवळणं बंद केलं. मॅडमने लगेच रजा दिली, तीही भरपगारी. सेसाला वाटलं, आपली किंमत कळली बाईला. आणि त्या पंधरा दिवसांतच सहलीची तारीख आली.

ठरल्या दिवशी ती चर्चचा निळा झगा घालून, लग्न होऊन गेलेल्या मुलीचा जुना काळा चष्मा लावून आणि पिशवीत खांदा जाम होण्याआधी स्वतःच्या हाताने केलेल्या दोन करवंट्या टाकून गाडीच्या थांब्यावर गेली. जेवणासकट असं लिहिलं होतं खरं, पण दुसऱ्याच्या जेवणावर तिचा कधीच विश्वास नव्हता.

गाडीतून गाइड वेंडेल उतरला. पस्तिशीचा, गुळगुळीत भांग, दिवसभर हसून हसून गालांना कायमच्या घड्या पडलेल्या. सेसाला पाहताच त्या घड्या मोडल्या.

"नांग? तुम्ही... आज?"

"तिकीट आहे."

"आज ऊन फार आहे हो. पुढच्या आठवड्यात या ना."

"तिकिटावर आजची तारीख आहे, पोरा. आणि ऊन काय आज नवीन लागलंय का?"

वेंडेल गाडीच्या मागे जाऊन कुणाला तरी फोन करून आला. सेसाला वाटलं, आपल्यासाठी खिडकीची जागा ठरवतोय. तिने गाडीत भेट मिळालेली पिवळी टोपी डोक्यावर चढवली आणि खिडकीशी बसली.

गाडीत दहा जण होते. त्यांतली लक्षात राहण्यासारखी माणसं म्हणजे मनिलाची दातांची डॉक्टर अम्पारो विल्यालुझ आणि तिचा नवरा. नवरा निवृत्त न्यायाधीश, गाडी सुरू झाली की झोपायचा, थांबली की विचारायचा, "संपलं?" डॉक्टरीणबाई मात्र जागी होती. ती नको तितकी जागी होती. मोबाइल काठीला लावून ती सगळं चित्रित करत होती आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होती, "मला खरं बोहोल बघायचंय. पर्यटकांना दाखवतात ते नाही."

"तेच दाखवणार आहोत, डॉक्टर," वेंडेल म्हणाला. "फक्त वेळेत परत यायचं हं."

पहिला थांबा मामागची बाग. मामाग हा मुठीएवढा प्राणी, डोळे मात्र चेहऱ्याहून मोठे. रात्री जागतो, किडे पकडतो, दिवसा झोपतो. खासगी मालकाच्या त्या बागेत मात्र पाच मामाग पर्यटकांच्या बरोबर नजरेच्या उंचीवर, आखलेल्या वाटेच्या कडेला, एकेका फांदीवर बसवलेले होते. जो सरकून वर जाई त्याला रखवालदार हळूच खाली आणून ठेवी.

"शांतता पाळा," वेंडेल कुजबुजला, "तो फार नाजूक जीव आहे. आवाजाने त्याला त्रास होतो." आणि मागच्या दोन गाड्यांतली साठ माणसं एकमेकांना शांत राहायला ओरडून सांगू लागली.

सेसाने लहानपणी मामाग एकदाच पाहिला होता, बापाबरोबर रानात लाकडं आणायला गेली तेव्हा. बापाने तिची मान खाली दाबून म्हटलं होतं, "टक लावून बघू नकोस, त्याचं त्याला राहू दे." आता त्याच्यापासून हातभरावर डॉक्टरीणबाईची काठी होती. मामागने एक डोळा अर्धा उघडला, काठीकडे पाहिलं, सेसाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"किती गोड! माझ्याकडे बघून हसला," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"हसला नाही," सेसा म्हणाली. "रात्रपाळी करून आलाय, आणि मालकाने दिवसपाळीलाही बसवलाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"चेहरा ओळखीचा वाटला."

मग ज्यांच्यासाठी लोक बोहोलला येतात त्या शेकडो गोल टेकड्या झाल्या. सगळे वर चढले, फोटो काढले, खाली उतरले. न्यायाधीशांनी विचारलं, "संपलं?" दुपारी नदीवर तराफ्यावरचं जेवण होतं. नगरपालिकेतला कारकून फुलाफुलांचा सदरा घालून गिटार वाजवत होता. त्याच्याच टेबलावर सेसाचा जमिनीचा दाखला सहा महिने पडून होता. तिने मासा बाजूला सारत विचारलं, "कामावर नाही का आज?" कारकुनाने गाणं मध्येच बदलून जोराचं लावलं.

नदीच्या काठावर तराफा थांबला की मूळ रहिवाशांचं नृत्य असे. मूळ रहिवाशांना कोणी विचारलेलं नव्हतं. नाचणारे सगळे आसपासच्या गावांतले, पिसं लावलेले, तोंडाला काळं फासलेले. सगळ्यांत पुढे, भाला उगारून, डोळे वटारून किंचाळत आला तो सेसाचा पुतण्या रॉडेल. एरवी बाजारात मोबाइल दुरुस्त करतो. किंचाळी अर्ध्यावर असताना त्याची नजर पिवळ्या टोपीखालच्या काळ्या चष्म्यावर गेली आणि संस्कारांनी दगा दिला. भाला खाली टाकून तो वाकला, घरात वडीलधाऱ्यांचा लावतात तसा सेसाचा हात धरून आपल्या कपाळाला लावला आणि पुटपुटला, "आशीर्वाद द्या, नांग."

"देव भलं करो," सेसा म्हणाली. "आईला सांग, टोपली परत पाठव म्हणावं. आणि अंगात काहीतरी घाल, खोकला होईल."

पर्यटकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "ही त्यांची प्राचीन प्रथा!" डॉक्टरीणबाईने मोबाइलला सांगितलं. मग नवविवाहित जोडप्यापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे रांगेत उभे राहिले आणि रॉडेलने नाइलाजाने सगळ्यांचे हात कपाळाला लावले. काळा रंग सगळ्यांच्या हाताला लागला. तो धुऊन निघत नाही, हे त्यांना नंतर कळलं.

गाडी पुन्हा निघाली तेव्हा वेंडेल घामाघूम झाला होता. तो सेसाच्या शेजारी उकिडवा बसला. "नांग, आता पुढचा थांबा... तुम्ही गाडीतच बसता का? एसी चालू ठेवतो."

"माझ्याच घरी मला उतरवत नाहीस?"

"तसं नाही... बंद आहे आज."

"बंद आहे तर थांबतोस कशाला?"

वेंडेल घड्याळाकडे बघत उठला. दोन वाजून दहा मिनिटांनी गाडी लोला सेसाच्या घरापुढे उभी राहिली. चुलीतून धूर येत होता.

सेसा सगळ्यांच्या मागून उतरली आणि दारातच थांबली. तिच्या स्टुलावर, तिच्या कढईपुढे, तिचा ठिगळांचा ॲप्रन घालून, डोक्याला पांढरं फडकं बांधून बिबिंग बसली होती. नऊ वर्षं बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसणारी बिबिंग. हातात सेसाचं उलथणं होतं आणि ती ते उलटं धरून ढवळत होती.

वेंडेलला थांबता येत नव्हतं. वेळापत्रक बारा मिनिटांचं होतं. त्याने सेसाकडे पाठ केली, घसा साफ केला आणि सुरू झाला.

"मंडळी, या आहेत लोला सेसा. वय अठ्ठ्याहत्तर. याच घरात त्यांचा जन्म झाला. नऊ वर्षांपूर्वी त्यांचे पती वादळात मासे पकडायला गेले ते परत आले नाहीत. समुद्राने नेले. त्या दिवसापासून लोला रोज ही कढई ढवळतात, कारण कालामाय त्यांच्या पतीला फार आवडायची. डोळ्यांतलं पाणी कढईत पडतं. म्हणून बोहोलची कालामाय किंचित खारट लागते."

बिबिंग रडायला लागली. आणि काय रडली! खांदे हलले, ओठ थरथरले, डाव्या डोळ्यातून एक थेंब सावकाश निघून नाकाच्या शेंड्यावर थांबला आणि फोटो निघेपर्यंत तिथेच राहिला. सेसाला मान्य करावं लागलं की तीन वर्षांत आपल्याला हे जमलं नव्हतं.

तिच्या वेळी वेंडेल ही कहाणी गाडीतच सांगून मोकळा व्हायचा; ती आज पहिल्यांदा ऐकत होती. तिला राग नेमका कशाचा आला, ते तिलाही लगेच कळेना. वय सतरा वर्षांनी वाढवलं याचा आला. उलथणं उलटं धरलं याचा आला. पण सगळ्यांत जास्त आला तो तासियोला एवढं चांगलं मरण फुकटात दिल्याचा. वादळ, समुद्र, बायकोचा विलाप! इंजिनाचा सुटा भाग आणायला गेलेल्या माणसाला!

"अरेरे," डॉक्टरीणबाईचे डोळे भरून आले. "आणि... त्यांचा देह सापडला का कधी?"

"सापडला ना," मागून आवाज आला. "कागायान दे ओरोत. सिमेंटच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. वजन वाढलंय म्हणे."

सगळे वळले. बिबिंगचा थेंब खाली पडला. तिने पिवळ्या टोपीकडे पाहिलं, काळ्या चष्म्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून तिचा रोजचा, खणखणीत आवाज निघाला, "आली का ही इथेही!"

"माझ्या नावाची पाटी आहे, मी नको यायला?"

"नांग, पाया पडतो," वेंडेल कुजबुजला. मग पर्यटकांकडे वळून हसला. "या आमच्या... शेजारीण. उन्हाने थोडं..."

बहुतेकांनी ते मान्यही केलं असतं. उन्हाने माणसाचं डोकं फिरतं, हे कुणालाही पटतं. सेसालाही वाटलं, पुरे झालं, आता गप्प बसावं. रजा भरपगारी होती, घरची चूलही पेटायला हवी होती आणि खांदा बरा झाला की त्याच स्टुलावर बसायचं होतं. पण डॉक्टरीणबाई भारावलेली होती. तिने पर्समधून चमचा काढला. असली माणसं पर्समध्ये चमचा ठेवतात. "मला करवंटीतलं नको," ती म्हणाली. "मला या कढईतलं हवं. अश्रू पडलेलं. खरं." आणि चमचा कढईत बुडवला.

बिबिंग उलथणं धरून तशीच बसली. वेंडेलने डोळे मिटले. कढई तेराव्या दिवसाची होती. सेसाला ते दारातूनच, वासावरून कळलं होतं. चमचा वर आला, त्याला एक लांब राखाडी तार होती.

"डॉक्टर!" सेसा ओरडली. "ती कढई खायची नाही! ती बघायची आहे!"

चमचा ओठांपाशी थांबला. न्यायाधीश जागे झाले. "म्हणजे काय?" त्यांनी विचारलं, आणि कोर्टातली जुनी सवय अशी की त्यांनी विचारल्यावर समोरच्याला उत्तर द्यावंसंच वाटलं.

मग सेसाने सगळं सांगितलं. घर कंपनीचं, पीठ स्वस्तातलं, रंग दुकानातला, पाणी रोजचं, करवंट्या कारखान्याच्या. "आणि लोला सेसा मी आहे. एकसष्ट वर्षांची. ही माझी नणंद. रडते छान, पण ढवळता येत नाही. उलथणं बघा कसं धरलंय, जसं काही मच्छर मारतेय."

"तीन वर्षं तूच बसलीस ना इथे?" बिबिंग उसळली. "तेव्हा नाही आठवलं पीठ-पाणी?"

हे मात्र खरं होतं. मग तिने पिशवीतून आपली करवंटी काढली, लाल पट्टी फाडली आणि डॉक्टरीणबाईपुढे धरली. "हे घ्या. याच्यासाठी सात तास ढवळलंय. जे आटवलेलं असतं ते टिकतं. पाणी घातलेलं आंबतं."

डॉक्टरीणबाईने चमचाभर खाल्लं. सगळे बघत होते. मोबाइल चालू होता. तिने चावलं. बराच वेळ चावलं. जबडा एका बाजूला अडकला, तिने तो बोटाने सोडवला.

"हं," ती म्हणाली. "वेगळं आहे. पण फार चिकट आहे हो. दातांना वाईट. आणि रंगही जरा..." तिने नवऱ्याला चमचा दिला. न्यायाधीशांनी निकाल दिला, "मांडवात चाखायला दिलेलं मऊ होतं." नवविवाहित जोडप्याने एकमेकांना भरवलं आणि एकमेकांच्या नकळत थुंकलं. मग सगळे मांडवात गेले आणि कारखान्याच्या बावीस करवंट्या घेऊन आले. खोट्या आहेत हे कळल्यावर निदान भाव तरी करता आला.

सेसा करवंटी हातात धरून उभी राहिली. खांदा दुखत होता, पण तो आधीपासूनच दुखत होता. नऊ वर्षांपूर्वी होडी विकली त्या दिवशीही तिला एवढं पोरकं वाटलं नव्हतं. तिने करवंटी चुलीच्या कट्ट्यावर ठेवली आणि गाडीत जाऊन बसली.

खिडकीतून तिला दिसलं. सगळ्यांची तोंडं मांडवाकडे होती. बिबिंगने इकडेतिकडे पाहिलं, करवंटी ओढली आणि बोटाने खायला लागली. घाईघाईने, गाल फुगवून, शाळेच्या पोरासारखी. नऊ वर्षांत तिने सेसाच्या हातचं काही तोंडात घातलं नव्हतं. करवंटीचा तळ चाटून झाल्यावर तिने वर पाहिलं, तर सेसा बघत होती. बिबिंगने ॲप्रनला बोटं पुसली आणि खिडकीपाशी आली.

"साखर जरा जास्त झालीय," ती म्हणाली.

"तुझं नाक गळतंय," सेसा म्हणाली.

नऊ वर्षांतलं दोघींचं पहिलं सरळ बोलणं हे असं झालं. डोळ्यांना आलेलं पाणी यावेळी बिबिंगने कुणाला दाखवलं नाही. उलट धुराकडे बोट केलं.

सहलीचा शेवट समुद्रकिनाऱ्यावर होता. तो सगळा किनारा आता हॉटेलचा होता, दोरी बांधलेली होती, आणि मनगटाला कागदी पट्टा असल्याशिवाय आत सोडत नव्हते. सेसाच्या मनगटाला पट्टा होता. याच वाळूवर तिने तासियोची होडी ओढली होती, मासे वाळवले होते, एकदा सहा महिन्यांची गरोदर असताना दमून पालथी पडली होती. आता तिथे पांढऱ्या गाद्या घातलेल्या खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर ती बसली तर एक पोऱ्या नव्हे, चांगला मिशीवाला माणूस नारळपाणी घेऊन आला आणि तिला "मॅडम" म्हणाला. तिने नारळ हलवून पाहिला. "जून आहे," ती म्हणाली. "कोवळा आण." आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या सांगण्यावरून कुणीतरी नारळ बदलून आणला.

ती तशीच झग्यासकट पाण्यात उतरली, कमरेपर्यंत, आणि उभी राहिली. डॉक्टरीणबाई पोहत पोहत जवळ आली.

"रागावलात का?"

"नाही."

"खरं सांगू? मला तुमच्या नणंदेच्या रडण्यापेक्षा तुमचं भांडण जास्त आवडलं."

"ते फुकट होतं," सेसा म्हणाली आणि खोल पाण्याकडे दोन पावलं गेली, जिथे डॉक्टरीणबाईला बोलता येणार नव्हतं.

भांडणाचं चित्रण डॉक्टरीणबाईने त्याच संध्याकाळी सगळ्या जगाला दाखवलं. दोन दिवसांत ते लाखभर लोकांनी पाहिलं. त्यांत कागायान दे ओरोचा सिमेंटवालाही होता. त्याने नऊ वर्षांनी फोन केला, की त्याला मेलेला दाखवल्याबद्दल काही भरपाई मिळेल का. "मेलेल्या माणसाला फोन परवडतो वाटतं," सेसा म्हणाली आणि फोन ठेवला. मग मात्र ती परसात जाऊन बराच वेळ लाकडं फोडत बसली, डॉक्टरने मनाई केलेली असताना.

तिसऱ्या दिवशी मॅडम लुझमिंदा आली. सेसाने मनात भांडणाची सगळी तयारी करून ठेवली होती, पण मॅडम रागावलेली नव्हतीच. तिने सेसाचे दोन्ही हात धरले.

"नांग, लोक फोन करून विचारतायत. दोन लोला, एक कढई! रोज दोन वाजून दहा मिनिटांनी भांडायचं. ती रडेल, तुम्ही मागून याल, 'सापडला ना' म्हणाल. पगार दीडपट."

"आणि कढई?"

"कढई तीच की."

सेसाने रात्रभर विचार केला नाही; तिथल्या तिथेच सांगितलं. भांडण विकायचं नाही, ते घरचं आहे. ढवळायला ती येईल, पण ताजं पीठ, ताजं नारळाचं दूध, रोज सकाळी नऊला कढई चढणार. नवरा जिवंत राहणार. वय एकसष्ट. बिबिंगचा पगार चालू राहणार, कारण एकीचा खांदा सात तास पुरत नाही. मॅडमने हिशेब केला, चेहरा पाडला, आणि लाख लोकांनी पाहिलेल्या बाईला सोडणं परवडत नाही म्हणून तयार झाली. फक्त वयावर अडून बसली. शेवटी सत्तरावर तडजोड झाली.

आता तिथे रोज खरीखुरी कालामाय शिजते. दोन वाजून दहा मिनिटांनी गाडी येते तेव्हा ती अजून पातळ, फिकट, पिठूळ असते. कुणी चमचा काढला की सेसा म्हणते, "चारला या." चारला गाडी समुद्रावर असते. पर्यटक कारखान्याच्या करवंट्या घेऊन जातात आणि खूश असतात. वेंडेल सांगतो की त्या मऊ असण्याचं कारण आजीची माया आहे. चार वाजता मोठ्या रस्त्यावरून शाळेतून सुटलेले मास्तर, बस बदलणारे लोक आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान मध्येच बंद करून रॉडेल, असे सगळे आपापल्या करवंट्या घेऊन येतात. बिबिंग वाढते, सेसा नावं ठेवते. बिबिंगला अजून उलथणं धरता येत नाही.